व्याह्यांचा तिसरा गिअर

आमच्या व्याह्यांइतका गिअरवर जीव लावून बसलेला माणूस अख्ख्या हैदराबादेत दुसरा सापडणार नाही, आणि गंमत म्हणजे त्यांच्या गाडीला हाताने टाकायचा गिअरच नाही. गाडी ऑटोमॅटिक आहे. डिझेलवर चालणारी, मागे उघडा हौदा असलेली, एके काळी पांढरी असावी असा संशय घेता येईल अशी जुनी पिकअप. कुठल्याशा परदेशी कंपनीने इथे पूल बांधायला ती आणली, पूल झाल्यावर लिलावात काढली, आणि कुकटपल्लीच्या ज्या कारखान्यात व्याही फोरमन होते त्या कारखान्याने घेतली. तिथल्या ड्रायव्हरांना ती काही मानवली नाही. सवयीने त्यांचा डावा पाय क्लच शोधायला जायचा, ब्रेकवर पडायचा, आणि हौद्यातला माल ड्रायव्हरच्या भेटीला पुढे यायचा. शेवटी गाडी कारखान्याच्या आवारात चिंचेखाली उभी राहिली. त्याच सुमारास व्याही स्कूटरवरून पडले आणि त्यांचा डावा गुडघा वाकायचा बंद झाला. गाडीला क्लच नव्हता आणि यांच्याकडे क्लच दाबणारा पाय नव्हता, तेव्हा पत्रिका आपोआप जुळली. निवृत्त होताना लोक शाल घेतात, घड्याळ घेतात. यांनी गाडी मागून घेतली.

व्याह्यांचा सगळा भरवसा कानावर. तीस-बत्तीस वर्षं ते प्रेसशॉपमध्ये होते. पत्रा दाबणारी, भोकं पाडणारी अवजड यंत्रं तिथे दिवसभर धडाधड आपटायची, आणि त्या गदारोळात कुठल्या यंत्राचं कुठलं बेअरिंग गेलंय हे व्याही दारात उभे राहून सांगायचे. या विद्येची प्रचीती आम्हाला पहिल्याच भेटीत आली. मुलगी बघायला ते आमच्या हिमायतनगरच्या घरी आले होते. चहा झाला, बिस्किटं झाली, मुलगी समोर येऊन बसली, आणि हे आपले डोळे वर करून छताकडे बघताहेत. माझ्या बायकोचा चेहरा पडला. तिला वाटलं, मुलगी पसंत नाही, हे कळवण्याची ही त्यांच्याकडची रीत असावी. तेवढ्यात ते म्हणाले, "इवाई, तुमच्या फॅनची बुश गेलीय. आठ दिसात जाम होतंय बगा." मराठवाड्याच्या खेड्यातनं आलेल्या त्यांच्या घरात व्याह्याला 'इवाई' म्हणतात, तेव्हा मुलगी पसंत असल्याचं आम्हाला असं पंख्याच्या वाटेने कळलं. पंखा सहाव्या दिवशी जाम झाला.

लग्न झालं आणि दर रविवारी मला त्या गाडीतून फिरवणं हा व्याह्यांनी आपला धर्म मानला. पहिल्या खेपेला गाडी सुटली तशी त्यांनी मान किंचित उजवीकडे कलती केली, डोळे बारीक केले आणि ते कुजबुजले, "ऐका... ऐका... आला!" मी घाबरून मागे बघितलं आणि विचारलं, "कोण आला?" ते म्हणाले, "दुसरा!" पुढे तिसरा आला, चौथाही आला, पण माझ्या कानांना त्यांतलं काही कळलं नाही. मी जन्मभर शाळामास्तर. माझे कान पोरांच्या गोंगाटावर पोसलेले, त्यांना गिअरचं काय कौतुक असणार! पण व्याही हार मानणारे नव्हते. त्यांनी मला समजावून सांगितलं, की ही गाडी आपला गिअर आपण बदलते आणि समोर कुठल्या काट्यावर ते दिसत नाही. इंजिनाचा आवाज चढत चढत जातो, मग एक श्वास सोडल्यागत खाली येतो. तो श्वास पकडायचा. चांगली चालणारी गाडी तो इतका हळू सोडते की शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नाही. वर्षभर मला पत्ता लागला नाही. मग एका रविवारी नारायणगुड्याच्या अलीकडे मला तो श्वास चक्क ऐकू आला आणि मी भर रस्त्यात "आला!" म्हणून ओरडलो. व्याह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि मला दोन ग्लास उसाचा रस पाजला. माझ्या सबंध नोकरीत एकाही विद्यार्थ्याला मी इतक्या आनंदाने पास केलं नसेल.

माणूस असा लोभस, पण वागायला मोठा अवघड. फोनवर ते बोलतात तेव्हा फोनची गरजच काय, असा प्रश्न पडावा. कुकटपल्लीत बोललेलं हिमायतनगरात तसंही पोचलं असतं. गाडीतला रेडिओ लावला की शेजारच्या रिक्षावाल्यालाही करमणूक. एकदा बोलायला लागले की दुसऱ्याला शब्द टाकू देत नाहीत, आणि चुकून कोणी टाकलाच तर हसून "हाव, हाव", म्हणजे हो हो, म्हणतात. गेल्या वर्षा-दोन वर्षांत तर हे फारच वाढलं होतं. जेवणार का? हाव. जेवण झालं का? हाव. विहीणबाई आजारी आहेत का, म्हणून माझ्या बायकोने काळजीने विचारलं तेव्हाही ते तोंडभर हसून "हाव" म्हणाले आणि ही इकडे देवाला दिवा लावून बसली. "मुलाकडचे आहेत ना, आपलं कशाला ऐकून घेतील," असं ती म्हणायची. मीही मान डोलवायचो. व्याहीपणाचा तोरा उशिरा चढलाय, अशी माझी खात्रीच झाली होती.

गाडीचं दुखणं सुरू झालं ते गेल्या दसऱ्यानंतर. दसऱ्याला सगळेच जण गाडीला हार घालतात, पण आमचे व्याही दोन घालतात. "बाहीरचा लोकासाटी, आतला गाडीसाटी." म्हणजे बॉनेट उघडून, डिझेलच्या पंपाला हळदकुंकू लावून, आपट्याची पानं बॅटरीवर ठेवून, एक झेंडूचा हार चक्क इंजिनाला. विहीणबाई दोन्ही हार घरी ओवतात. या वेळी झेंडू भरपूर आला होता म्हणून आतला हार जरा लांब झाला, तो व्याह्यांनी पंपाभोवती दोन वेढे देऊन बसवला. मग सगळ्यांना सोनं देत गाडीने कॉलनीला मानाची एक फेरी मारली. दुसऱ्या दिवशी इंजिनावर शिजून निघालेला झेंडू त्यांनी ओढून काढला आणि भाजी आणायला निघाले, तर गाडी दुसऱ्या गिअरमधून वर जाईना. नुसती ओरडायला लागली. चाळीस झाले, पन्नास झाले, मागे काळा धूर, कॉलनीतली कुत्री पळताहेत, आणि तिसऱ्याचा पत्ता नाही. कधी साठाच्या पुढे धाडकन धक्का देऊन यायचा, कधी तोही नाही.

नेमकी त्याच वर्षी गाडीच्या आरटीओतल्या फिटनेस तपासणीची तारीख संक्रांतीच्या आत होती. आमचे जावई स्वभावाने मऊ, पण त्या धुरात दोनदा ऑफिसला गेल्यावर तेही कडक झाले. "अप्पा, फिटनेस झालं नाही तर या वेळी गाडी भंगारात. आणि ही गेली की तुमचं ड्रायव्हिंग पण बंद. दुसरी गाडी घेणार नाही. कुठं जायचं असंल तर मोबाईलवरून टॅक्सी बोलवून देतो." हे ते जेवायच्या टेबलावर, सगळ्यांसमोर, स्वच्छ मोठ्या आवाजात म्हणाले. त्या दिवशी व्याही 'हाव' म्हणाले नाहीत. मला गेटपर्यंत सोडायला आले तेव्हा गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "इवाई, टॅक्सीत मागं बसून जायचं म्हंजी आपन मानूस न्हाई, पार्सल." मी हसलो, पण ते हसले नव्हते. एकाहत्तराव्या वर्षी त्यांच्या हातात राहिलेलं असं ते एकच स्टिअरिंग होतं.

मग सुरू झाली तपासणी. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधलं तेल बघायला इंजिनातल्यासारखीच एक लांब पट्टी असते, पण ते तेल बघण्याचा सोवळ्यातला विधी व्याह्यांनी मला प्रथम दाखवला. गाडी आधी पाच-सात मैल फिरवून गरम करायची, सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करायचं नाही, दांडा सगळ्या घरांतून एकदा फिरवून आणायचा, आणि मगच पट्टी काढायची. गार गाडीचं तेल बघणाऱ्याला ते माणसांत धरत नाहीत. पट्टी पुसायला पांढरं फडकं लागतं, म्हणून आम्हा दोघांच्या नातीच्या वाढदिवसाला आमच्या घरी आलेले असताना त्यांनी माझा इस्त्रीचा रुमाल घेतला आणि थोड्या वेळाने तो लाल डाग पडलेला रुमाल उंच धरून घरात आले. "गुलाबी हाय! जळका वास न्हाई! प्लेटा शाबूत हायेत!" केक कापायला उभ्या असलेल्या बायका किंचाळल्या. जावई धावत आले, त्यांना वाटलं सासऱ्यांना काहीतरी लागलं. मी सोफ्यावर धडधाकट बसलेला बघून त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं, आणि व्याही मात्र प्रत्येकाच्या नाकाला तो रुमाल लावत होते.

तेल बदललं, त्याची जाळी बदलली, तिसरा येईना. गौलीगुड्याचे एक जुने मिस्तरी गाडीखाली आडवे झाले आणि तितक्याच अदबीने बाहेर आले. "साब, इंजन की बात बोलो, आँख मूँद के करतूँ. ये डब्बा नक्को. खोलने कू एक घंटा, पर वापस जोडनेवाले पूरे शहर में एकिच उस्ताद थे, उनों भी दुबई चले गए." दुसऱ्या एका मिस्तरीने सबंध गिअरबॉक्सच बदला म्हणून सांगितलं. तिसऱ्याने नुसतीच गाडीकडे आणि व्याह्यांकडे आळीपाळीने बघून मान हलवली. व्याही कोणावर चिडले नाहीत. त्यांनी एक शंभरपानी वही घातली आणि मला लेखनिक नेमलं. रविवारी मी शेजारी बसायचं, एक डोळा वेगाच्या काट्यावर ठेवायचा आणि कुठला गिअर कितीवर आला ते लिहायचं. वहीत माझ्या मास्तरी अक्षरात पानामागून पान भरत गेलं: दुसरा, अठ्ठावीस. तिसरा, आला नाही. दुसरा, तीस. तिसरा, आला नाही. शेरे वाचून मला माझीच प्रगतिपुस्तकं आठवायची.

त्या गाडीत एक पातळ तार आहे. आपण ॲक्सिलरेटर किती दाबला ते ही तार डिझेलच्या पंपाकडून गिअरबॉक्सला कळवते. तार ताणली गेली की गिअरबॉक्सला वाटतं, मालकाला जोर हवाय, चढ असणार, आत्ता वरचा गिअर नको. तारेवर व्याह्यांचा पहिल्या दिवसापासून संशय होता. पण ती त्यांनी तपासली खालून, गाडीखाली झोपून, गिअरबॉक्सच्या टोकाला. वरचं टोक पंपापाशी, आणि पंपाला त्यांनी स्वतः हळदकुंकू वाहिलेलं. जिथे पूजा केली तिथेच खोट असेल ही शंका त्यांच्या मनाला शिवली नाही. डिसेंबर संपत आला. एका रविवारी बॉनेट उघडं टाकून आम्ही दोघं डोकी खुपसून उभे होतो. विहीणबाई चहा घेऊन आल्या, कप ठेवायला जागा शोधत आत वाकल्या आणि म्हणाल्या, "अगं बया, ह्यो तर माझा दोरा हाय." आम्ही बघितलं. पंपाच्या मागे, तेलाने काळवंडलेला, एका गाठीपाशी तेवढा हिरवा राहिलेला, हार ओवायचा नायलॉनचा दोरा त्या तारेला करकचून आवळून बसला होता. विहीणबाईंनी केसातली पिन काढली, गाठ सोडवली, दोरा ओढून काढला, आणि ताणलेली तार टप्पकन आवाज करत जागेवर जाऊन बसली. "दर वरसाला सांगायले म्या, इंजनात फुलं घालू नगा म्हनून," एवढं बोलून त्या चहाचे रिकामे कप न्यायला थांबल्या. चहा अजून कोणी प्यायलाच नव्हता. तीन मिस्तरी, शंभरपानी वही आणि माझा रुमाल जिथे थकला तिथे केसातली पिन पुरली, म्हणून मी व्याह्यांची यथेच्छ फिरकी घेतली. तेही लहान पोरासारखे हसले आणि म्हणाले, "बसा इवाई, वही घ्या."

गाडी निघाली. काय सांगू, नुसतं लोणी. अठराला दुसरा आला, पस्तीसला तिसरा. जुन्या रविवारचा तो श्वास मी पुन्हा ऐकला, आणि वहीत 'तिसरा, पस्तीस' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. व्याह्यांची मान उजवीकडे कलती होती, डोळे बारीक होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तिसरा आला न्हाई." मला वाटलं, फिरकीची परतफेड चाललीय. मी हसलो. ते पुढे बघत होते. गाडी चौथ्यात गेली, तोही श्वास मी ऐकला. "न्हाई आला," ते पुन्हा म्हणाले, आणि ॲक्सिलरेटर आणखी दाबू लागले. त्यांच्या कपाळावर घाम होता. दोन महिने गाडी ओरडत होती, तेवढं ओरडणं त्यांना ऐकू येत होतं. आता ती पुन्हा हळू बोलायला लागली होती. मी वहीवरून मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, आणि ते फोनवरचं ओरडणं, तो रेडिओ, ती अखंड बडबड, ते सगळे 'हाव, हाव' माझ्यासमोर एकदम उभे राहिले. आम्ही त्याला तोरा म्हणत होतो. माझी मला इतकी लाज वाटली की काही क्षण मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

मग मी वही त्यांच्या समोर धरली. त्यांनी गाडी मेट्रोच्या एका खांबाजवळ बाजूला घेतली, वाचली, बोट ठेवून पुन्हा वाचली. इंजिन चालूच होतं. शेवटी ते म्हणाले, आणि इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं, "मला ठावं हाय इवाई. लई दिस झाले. पर गाडीचं बिगडलं म्हनलं की बरं वाटतंय. गाडीला मिस्तरी तरी हाय." मग एकदम माझ्या हातावर हात ठेवून, "पोराला सांगू नगा. तो गाडी आजच देऊन टाकील." मला गलबलून आलं. पण मी जन्मभर मास्तरकी केली आहे, आणि त्या गाडीत पुढच्या सीटवर कधी कधी माझी नात बसते. वहीच्या शेवटच्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'आधी तुमचं फिटनेस, मग गाडीचं. मी बरोबर येतो. मुलालाही आपण दोघं मिळूनच सांगू.' त्यांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "हाव." या खेपेला मात्र त्यांना प्रश्न कळलेला होता.

दोन्ही फिटनेस झाली. डॉक्टरांनी दोन्ही कानांना मशीन दिलं आणि गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले. जावई आधी रागावले, मग रडले, मग स्वतः बापाबरोबर दोन फेऱ्या मारून आले आणि भंगाराची भाषा बंद केली. आता व्याह्यांना हॉर्न ऐकू येतो, नातीचं गाणं ऐकू येतं, माझ्या बायकोने विचारलेल्या प्रश्नाला ते नेमकं उत्तर देतात आणि त्यामुळे ती थोडी बिचकून असते. फक्त एक राहिलं. ते मशीन हुशार आहे. इंजिनाच्या घरघरीला ते गोंगाट समजतं आणि गाळून टाकतं. त्या घरघरीतच तो श्वास असतो. व्याह्यांनी डॉक्टरांकडे तीन चकरा मारल्या, "बाकीचं काय बी गाळा, तेवढं सोडा" म्हणाले, पण ते जमण्यातलं नव्हतं.

म्हणून रविवारी मी जातोच. वही बंद झाली. गाडी सुटते, ते मान कलती करतात, आणि श्वास ऐकू आला की मी त्यांच्या न वाकणाऱ्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवतो. "आला," ते म्हणतात. दुसरा, तिसरा, चौथा. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही, ते आपलं सुरू झालं. परवा नारायणगुड्याच्या अलीकडे, रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईकडे बघता बघता माझं लक्ष चुकलं आणि बोटं जरा आधीच टेकली. गाडी अजून दुसऱ्यातच होती. व्याह्यांचा चेहरा उजळला. "आला! लोण्यावानी आला बगा, इवाई." मी म्हटलं, "हाव." मग थोडं पुढे गेल्यावर खरा तिसरा आला, हळूच, त्यांनीच मला शिकवला होता तसा, आणि मी हात मांडीवर घट्ट दाबून समोर बघत बसलो.